गेटचा रिमोट घेताना आधी कोड विचारा

मुळगावात आमच्या चिऱ्यांच्या कुंपणाला सरकतं गेट बसवलं, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता: रिमोट किती लांबून चालतो? पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री शेजाऱ्यांनी आपलं गेट उघडलं आणि आमचंही सरकू लागलं. बसवणाऱ्याने दोन्ही घरी एकाच कोडचे रिमोट दिले होते.

बटण दाबताच कोड तयार करणारी रिमोटमधली चिप म्हणजे एन्कोडर. जुन्या पीटी २२६२ मध्ये पत्त्याचे आठ पाय वापरले तर ६,५६१ कोड होतात. ईव्ही १५२७ या 'लर्निंग कोड' चिपमध्ये दहा लाखांहून जास्त. दोन्हींचा दोष एकच, दर वेळी तोच कोड हवेत जातो. साध्या कॉपी रिमोटने त्याची नक्कल मिनिटभरात होते. दुकानात हीच परीक्षा घ्या. कॉपी झाली, तर तो रिमोट गेटसाठी घेऊ नका.

रोलिंग कोडच्या चिपमध्ये, उदाहरणार्थ मायक्रोचिपच्या एचसीएस ३०१ मध्ये, दर दाबाला कोड बदलतो आणि वापरलेला कोड गेटवरचा रिसीव्हर पुन्हा मानत नाही. मुलांनी घरात बसून वीस-पंचवीसदा बटण दाबलं तर गेट पहिल्या दाबाला हलत नाही. लागोपाठ दोनदा दाबलं की जुळतं. तो बिघाड नव्हे, दुरुस्तीचे पैसे देऊ नका. या चिपमागची कीलॉक पद्धत जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी २००८ मध्ये फोडून दाखवली, हे खरं. पण त्याला जाणकार आणि उपकरणं लागतात. कॉपी रिमोटला काहीच लागत नाही.

आता खर्च. दोन रिमोटांसह लर्निंग कोडचा रिसीव्हर अंदाजे हजार-दीड हजाराला पडतो, रोलिंग कोडचा दोन ते तीन हजारांपर्यंत. दुकानागणिक फरक पडेल, म्हणून डिचोली आणि म्हापसा दोन्हीकडे विचारा. मोटर बदलायची गरज सहसा नसते. नव्या रिसीव्हरच्या रिलेच्या दोन वायरी कंट्रोल कार्डाच्या 'स्टार्ट'ला जोडल्या की झालं. पूर्ण नवा संच घ्या म्हणून कोणी गळ घातली तर दुसऱ्या कारागिराला दाखवा.

कुळागरातल्या पंपाला मात्र लर्निंग कोड पुरे. तिथे उरलेले पैसे ड्राय-रन संरक्षणाला लावा. विहीर आटल्यावर मोटर जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च त्याहून मोठा येतो.

रिमोट हरवला तर रिसीव्हरची मेमरी पूर्ण पुसून उरलेले रिमोट नव्याने शिकवून घ्या. बिलावर 'रोलिंग कोड' हे शब्द लिहूनच घ्या. आणि नवा रिसीव्हर बसवून कारागीर निघण्याआधी जुना रिमोट एकदा दाबून बघा: गेट हललं तर जुना रिसीव्हर अजून चालू आहे, तो काढल्याशिवाय पैसे देऊ नका.