मिलिता बेटावरील काटक्या

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:२७ ते २८:११

पौलाच्या हाताला लटकलेला साप सर्वांच्या स्मरणात राहतो. तो ज्या काटक्यांतून निघाला, त्यांच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक या अध्यायावर घेतल्या जाणाऱ्या एका जुन्या आक्षेपाचा विचार त्या काटक्यांपासूनच सुरू करावयास हवा. आक्षेप असा : मिलिता म्हणजे आजचे माल्टा. तेथे अरण्य नाही, आणि माणसाला घातक ठरेल असा विषारी सापही नाही. मग लूकाने वर्णिलेली घटना तेथे घडली कशी? हे एक कारण पुढे करून काहींनी पौलाचे तारू ॲड्रिॲटिक समुद्रातील म्ल्येत बेटावर फुटले असे प्रतिपादन केले. त्या बेटावर विषारी साप खरोखरच विपुल होते. इतके की, त्यांच्या बंदोबस्तासाठी १९१० साली तेथे आपल्या भारतातील जातीची मुंगसे नेऊन सोडण्यात आली!

आता माल्टाची भूमी पाहू. सिसिलीच्या दक्षिणेस असलेल्या या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २४६ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच जागा अवघी २५३ मीटर. सर्व खडक चुनखडीचा, आणि बारमाही नदी एकही नाही. आपल्याकडे जूनच्या पावसाने रान हिरवे होते. तेथे उन्हाळा कोरडा असतो, पाऊस थंडीबरोबर येतो, म्हणून झाडेझुडपे उन्हाळ्यात निद्रिस्त राहून हिवाळ्यात पालवतात. खडकाच्या भेगांतील मूठभर मातीत गुडघ्याएवढी झुडपे तग धरतात : ओव्यासारख्या उग्र वासाचा थाइम, गुलाबी फुलांची एरिका, आणि आपल्या शेराच्या कुळातील एक झुडूप, जे जगात केवळ माल्टाच्या बेटांवरच आढळते. उन्हाळ्यात थाइमची बरीच पाने झडून वाळक्या, सुगंधी काटक्या उरतात. बांधांवर दिसणारा फड्या निवडुंग मात्र पुष्कळ नंतर अमेरिकेतून आला. तो पौलाने पाहिला नाही.

काटक्यांसाठी लूकाने मूळ ग्रीकमध्ये ‘फ्रुगानोन’ हा शब्द योजला आहे. बोलीत त्याचा अर्थ सरपणाची काटकी. परंतु ख्रिस्तापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या थेओफ्रास्तस या अभ्यासकाने वनस्पतींचे चार वर्ग केले, वृक्ष, झुडूप, खुरटे झुडूप आणि ओषधी, आणि त्यांतील तिसऱ्या वर्गाला हेच नाव दिले. पूर्व भूमध्य प्रदेशातील अशा खुरट्या रानाला वनस्पतिशास्त्रज्ञ आजही ‘फ्रिगाना’ म्हणतात. लूक ओंडक्यांविषयी बोलतच नाही. अरण्य नसल्याचा आक्षेप येथेच गळून पडतो.

सापाविषयी थोडे अधिक सांगावे लागेल. उपासाचा दिवस होऊन गेला होता (२७:९), त्यानंतर चौदा रात्री समुद्रात गेल्या. म्हणजे हा काळ ऑक्टोबरअखेरचा किंवा त्यानंतरचा. पाऊस व थंडी होती. अशा वेळी साप झुडपांच्या बुडाशी गारठून निपचित पडतो आणि उब लागताच हालचाल करतो. मग आज तेथे तसा साप का नाही? या बेटांवर सात हजारांहून अधिक वर्षे शेती होत आली आहे, आणि आज पाच लाखांहून अधिक लोक तेथे दाटीने राहतात. एवढ्याशा भूमीवरून सापाची एखादी जात नाहीशी होणे नवलाचे नाही. घटना माल्टातच घडली याचा हा पुरावा नव्हे, हे खरे. पण आक्षेपाचे बळ त्याने उरत नाही. पौलाने तेथील सापांचे विष कायमचे काढून घेतले, ही बेटावरील दंतकथा मात्र आपण बाजूस ठेवावी. शास्त्रात तसे काही नाही.

मोठे वृक्ष तेथे अगदीच नव्हते असे नाही. माल्टाचा राष्ट्रीय वृक्ष ‘आरार’ हा सरूच्या कुळातील आहे. आज तो तेथील रानात फार थोडा उरला आहे. प्रकटीकरण १८:१२ मध्ये बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालात जे मोलवान सुवासिक लाकूड येते, ते याच जातीचे, असे अभ्यासक मानतात. रोमी श्रीमंतांना त्याच्या मेजांचे वेड होते. किकेरोने अशा एका मेजासाठी पाच लाख सेस्तर्त मोजल्याचे प्लिनीने नमूद केले आहे. त्याच रोमकडे बेड्यांत निघालेला पौल दोनशे शाहत्तर भिजलेल्या माणसांसाठी वाकून सरपण वेचीत होता. त्याला ते काम कोणी सांगितले होते असे लूक म्हणत नाही.

माल्टी लोक या खडकाळ माळाला ‘शारी’ म्हणतात. पडीक, निरुपयोगी जमीन समजून तिच्यावर राडारोडा टाकला गेला, इमारती उठल्या. बेटाचा मध ज्या थाइमवर अवलंबून, तोही याच माळावर वाढतो. पौल तेथे तीन महिने राहिला आणि हिवाळा सरत असता, माळ हिरवा असताना, निघाला. थाइम फुलतो जूनच्या सुमारास. तोवर तो रोमला पोहोचला होता.