पोराचं लिखाण सुधारायचंय? किराणा यादीपासून सुरुवात करा



बैठकीत हप्त्यांचं काम संपलं की पोरांचा विषय निघतोच. "आमचा तिसरीत आहे. गोष्ट तोंडानं फडाफडा सांगतो, पण वही पुढं ठेवली की दोन ओळींत गप्प." त्यावर ठरलेलं उत्तर, "पोरगा आहे, लिहील पुढं."

पोरीला आपण जवळ बसवून लिहायला लावतो, पोराला मोकळा सोडतो. मग चौथी-पाचवीत उत्तर येत असूनही त्याला ते लिहिता येत नाही आणि हळूहळू शाळाच नकोशी होते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता-लिहिता यावं, यासाठीच २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू झालं. पण रोजची दहा मिनिटं घरूनच मिळायला हवीत.

आधी बोलणं, मग लिहिणं. "आज शेतात काय पाहिलंस?" असं विचारा. तो जे सांगेल त्यातली तीनच वाक्यं लिहू द्या. तीन जमली की पाच.

खरं काम द्या. किराणा यादी, दुधाचा हिशोब, मामाला चिठ्ठी. आपलं लिहिलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडतं म्हटल्यावर पोरगं मन लावून लिहितं.

आठवड्याला एकच नियम. शब्दाच्या शेवटी वेलांटी-उकार बहुधा दीर्घ : पाणी, वाटी, लाडू. ('आणि' मात्र वेगळा.) पुढच्या आठवड्यात मीठ, पीठ, गूळ, तूप घ्या. इथं शेवटच्या अक्षराच्या आधीचं अक्षर दीर्घ. पण मिठाचा, पिठाचा, गुळाचा, तुपाचा म्हणताना तेच ऱ्हस्व होतं. गुण, सुख असे काही शब्द याला अपवाद, ते गुरुजींना विचारा.

अक्षर वळणावर येऊ द्या. सारख्या वळणाची अक्षरं एकत्र गिरवायला द्या : व, ब, क, ट, ठ, ढ, प, ष, फ. पाटीवर मोठी काढली तरी चालतील.

बोलीला हसू नका. पोरगं 'पानी' लिहितं, कारण घरात तेच ऐकतं. "आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात," एवढं सांगितलं तरी पुरे.

चुकलं म्हणून तोच शब्द वीस वेळा लिहायची शिक्षा नको. आधी बरोबर आलेल्या शब्दाचं कौतुक करा, मग एकच चूक दाखवा. फळ्यावरचं उतरवताना तो डोळे बारीक करत असेल तर आधी डोळे तपासून घ्या.

"मला कुठं लिहिता येतं ताई?" असं म्हणून मागं सरू नका. लिहिलेलं बोट ठेवून मोठ्यानं वाच, एवढंच त्याला सांगा. जिथं अडखळेल, तिथली चूक बऱ्याचदा त्याची त्यालाच सापडेल. आपल्यातल्या कितीतरी जणी अंगठा सोडून सही शिकल्या, त्या गटात कुणी हसलं नाही म्हणूनच. तेवढाच धीर पोरालाही द्या.

पुढच्या बैठकीला येताना पोरानं लिहिलेली एक यादी घेऊन या. महिन्याभरानं दुसरी आणा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.