उसवण्याआधी उलटं करून बघ

चि. सोनू,



तुझं पाकीट मिळालं. लेसची तिन्ही पानं टेबलावर मांडून, चष्मा लावून, आधी सुलट आणि मग उलट बाजूने पाहिली. ‘आत्या, हे माझ्याच्याने होणार नाही’ असं तू चिठ्ठीत लिहिलंयस, ते मी मनावर घेत नाही. जिला खरंच सोडायचं असतं, ती फसलेली पानं कुरिअरचे पैसे भरून पाठवत बसत नाही.

या सुईच्या लेसचं एक आहे. चूक दिसते एका जागी आणि झालेली असते भलत्याच जागी, बरीच आधी. तुझं पहिलंच पान घे. कडा आत ओढल्या गेल्यात, पान सुकलेल्या मिरचीसारखं दिसतंय. काजटाके घट्ट पडले असं तू म्हणतेस. थोडे पडलेतही. पण खरं दुखणं कडेच्या दोऱ्यात आहे. नक्षीच्या रेघेवर दुहेरी दोरा ठेवून तू टाचलास, तेव्हा दोन टाचांमध्ये फार अंतर सोडलंस. पुढे सगळी जाळी त्या दोऱ्यालाच लटकते, खालच्या कापडाचा तिला आधार नसतो. मग प्रत्येक ओळीने तो दोरा जरा जरा आत खेचला. दोन-दोन मिलिमीटरवर टाच घाल, पानाच्या टोकाशी तर बरोबर टोकावर एक हवीच. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. म्हणूनच सगळ्या जणी ते उरकून टाकतात.

दुसऱ्या पानाला भोक पडलं ते ब्लेडमुळे, असं तुला वाटतंय. ब्लेडला उगाच बोल लावू नकोस. खालची दोन कापडं एकमेकांपासून ओढून, मधले टाचेचे दोरे कापून आपण पान सुटं करतो. त्यात जाळीचा एकही टाका कापला जाता कामा नये. तुझा कापला गेला, कारण भरताना टोकदार सुई कापडात घुसली आणि तो टाका कापडालाच शिवला गेला. बोथट सुई घे, नाही तर सुई उलटी धरून नेढ्याकडून ओव. आणि नक्षीच्या कागदावर, वह्यापुस्तकांना घालतो ते चिकट पारदर्शक प्लास्टिक लाव. सुई त्यावरून सरकते, अडकत नाही.

तिसऱ्यात मधोमध गाठ आहे. दोरा पुरेलसा वाटत नसेल तर ओळ सुरूच करायची नाही. जोड नेहमी कडेला. टोकं कडेच्या दोऱ्यालगत निजवून ठेवायची, शेवटी कडेवर दाट काजटाके घालशील त्यात ती झाकली जातात.

आता उसवण्याबद्दल. तुझी आई पहिली चूक दिसली की सगळं उसवते, तो स्वभाव तू उचलू नयेस. कडेचा टाका निसटला असेल तर तेवढं मागे जायलाच हवं, नाही तर पान सुटं केल्यावर तिथे फट राहते. मधल्या जाळीत एखादं घर चुकलं तर पुढच्या ओळीत एक टाका जास्त घालून हिशेब जुळवायचा आणि पुढे जायचं. वारंवार उसवलेल्या सुती दोऱ्याला लव सुटते, मग नीट घातलेला टाकाही मळका दिसतो.

चूक शोधण्यात तुझी एक सोय आहे, तीही सांगते. फ्रान्समधल्या आलाँसाँ गावची लेस तू फोटोत पाहिलीसच. १६६५ मध्ये कोल्बेर या मंत्र्याने तिथल्या लेसला राजाश्रय मिळवून दिला. २०१० मध्ये युनेस्कोने ती कला आपल्या वारशाच्या यादीत घेतली. एका चौरस सेंटिमीटरला सात तास लागतात आणि पूर्ण हात बसायला सात ते दहा वर्षं. पूर्वी तिथे कामाची वाटणी असे. कडा टाचणारी एक, जाळी भरणारी दुसरी, सुटी करणारी तिसरी. टाचणारीने केलेली हयगय सुटी करणारीच्या हातात उघडी पडत असणार! तुझं तसं नाही. टाचणारी तूच, कापणारीही तूच, त्यामुळे कापताना दिसलेलं पुढच्या वेळी टाचताना लगेच उपयोगी पडतं. ती सोय त्या बायकांना नव्हती.

तेव्हा ही पानं टाकायची नाहीत. प्रत्येकाच्या मागे कागद लावून सुई कुठली, दोरा कुठला, टाचा किती अंतरावर, एवढं लिहून ठेव. सुंदर झालेल्या पानाचंही लिही. ते का जमलं हे आपण कधी विचारतच नाही.

पुढचं पान आणखी लहान घेऊ नकोस, उलट थोडं मोठं घे. लहान नक्षी सोपी वाटते, पण वळणं जवळ जवळ येतात आणि टाके वाढवायला-घटवायला जागा उरत नाही. टाचायला फिक्या रंगाचा दोरा वापर. लाल दोऱ्याची कुसं पांढऱ्या पानात राहिलीत, चिमट्यानेही निघेनात.

सोबत दोन बोथट सुया पाठवतेय. पुढच्या वेळी पान सुटं करायच्या आधी फोटो पाठव, कापून झाल्यावर नव्हे.

तुझी,
आत्या