अवजड उद्योगांचा झोन : कुंपणाच्या आत काय, बाहेर काय?



गेल्या गळीत हंगामात गट ऑफिसात बसलो असता एका सभासदाने प्रश्न केला. कारखान्याच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर त्यांची सव्वा एकर जमीन आहे. "साहेब, उसापेक्षा गुंठ्यानं प्लॉट पाडले तर काय वाईट? कारखाना शेजारी, रस्ता दारात. गिऱ्हाईक रांग लावंल." प्रश्न रास्त होता. तोडणीला टोळी वेळेवर मिळत नाही, खताचे भाव सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि घरात लग्नाची मुलगी. तिथल्या तिथे मला नीट उत्तर देता आले नाही, कारण मधे 'झोन' नावाची भानगड होती. त्या निमित्ताने थोडा अभ्यास केला, तो आपणापुढे ठेवतो.

झोन म्हणजे नकाशावरचा रंग. कोणती जमीन राहण्याची, कोणती बाजाराची, कोणती कारखान्यांची आणि कोणती शेतीची, हे सरकार नकाशावर रंगवून ठरवते. जमीन तुमची, सातबारा तुमच्या नावचा, पण तिच्यावर काय उभे करायचे त्याला मर्यादा. हा अधिकार सरकारला कोणी दिला, असे कोणीही विचारील. अमेरिकेत हाच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

ओहायो राज्यात क्लीव्हलँड शहराला लागून युक्लिड नावाचे गाव आहे. १९२२ साली या गावाने जमिनीचे सहा वर्ग पाडले. ॲम्बलर नावाच्या जमीन कंपनीकडे तिथे ६८ एकर होते. कंपनीचे म्हणणे असे, की कारखान्यासाठी विकली तर एकरी दहा हजार डॉलर मिळतील आणि नुसत्या घरांसाठी विकली तर अडीच हजार. मग मधले साडेसात हजार आम्ही का सोडावेत? आपल्या सभासदाचा प्रश्न हाच, फक्त उलट्या बाजूने! १९२६ साली निकाल गावाच्या बाजूने लागला. न्यायमूर्तींनी उपमाही झकास दिली : डुक्कर वाईट नव्हे, पण ते आवारात असावे, दिवाणखान्यात नसावे. (पुढची गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धात त्याच जमिनीवर विमानाचे भाग बनवणारा कारखाना आला आणि नंतर ती जनरल मोटर्सकडे गेली. नकाशावरचा रंग म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे.)

आता त्या सहा वर्गांतली एक खोच पाहा. पहिल्या वर्गात फक्त घरे. दुसऱ्यात घरे आणि आणखी काही. असे चढत चढत सहाव्या वर्गात सगळेच चालायचे, भट्टी पण आणि घर पण. म्हणजे घराजवळ कारखाना येऊ नये याची काळजी घेतली, पण कारखान्याजवळ घर येऊ नये ही काळजी कोणाला वाटली नाही. अवजड उद्योगांचा वर्ग हा उरलासुरला उकिरडा ठरला. ज्याला दुसरीकडे जागा परवडत नाही तो गरीब तिथे झोपडी बांधणार आणि आयुष्यभर धूर खाणार.

ही चूक न्यूयॉर्क शहराने १९६१ च्या नियमांत बऱ्याच अंशी दुरुस्त केली. त्यांचा पहिला कायदा १९१६ चा. त्यात 'निर्बंध नसलेला' असा एक भाग होता, तिथे काहीही चाले. १९६१ साली उद्योगांच्या जमिनीचे तीन प्रकार केले : एम-१, एम-२ आणि एम-३. एम-१ हलक्या उद्योगांसाठी, एम-३ सर्वांत अवजड, म्हणजे वीजकेंद्रे, इंधनाचे साठे, ओतशाळा यांच्यासाठी. एम-३ मध्ये नवे घर बांधायला बंदी केली. हे पट्टे बहुतेक नदी-खाडीच्या काठाला, वस्तीपासून बाजूला काढले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उद्योगाचे नाव पाहून भागत नाही, त्याचा उपद्रव मोजायचा, असे त्यांनी ठरवले. आवाज किती, हादरा किती, धूर, वास, धूळ, विषारी वायू किती, आग आणि स्फोटाचा धोका किती. एम-१ मध्ये या सगळ्याची मर्यादा कडक, एम-३ मध्ये सैल. त्यामुळे गोष्ट अशी झाली की नावाने 'अवजड' असलेला उद्योगही एम-१ च्या कडक मर्यादा पाळत असेल तर त्याला तिथे जागा मिळू शकत असे. बैल मारका आहे की गरीब, हे शिंगे बघून ठरवायचे नाही, दावणीला कसा वागतो ते बघून ठरवायचे, तसेच हे. पुढे १९९७ साली त्यांनी घरे आणि हलके उद्योग शेजारी शेजारी राहू शकतील असे मिश्र झोनही काढले. मात्र त्यात एम-१ ची जोडी निवासी झोनशी लावली, एम-३ ची नाही.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक हकिकत त्याच शहरातली. ब्रुकलिनमध्ये ईस्ट नदीच्या काठी १८५६ पासून साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. १८८२ साली तो जळाला, दोन वर्षांत पुन्हा उभा राहिला. पुढे तो 'डोमिनो' साखरेचा कारखाना म्हणून प्रसिद्ध झाला. कच्ची साखर जहाजाने धक्क्यावर यायची, म्हणून नदीकाठ. जमीन एम-३ मध्ये. २००४ साली तिथले साखर शुद्ध करणे बंद झाले. झोनमुळे बंद झाले असे मी म्हणत नाही. कंपनीने काम दुसऱ्या कारखान्यांत हलवले. पण तोवर आजूबाजूच्या वस्तीत श्रीमंत गिऱ्हाईक आले होते, २००५ साली शेजारच्या नदीकाठच्या मोठ्या पट्ट्याचा रंग बदलला होता, आणि २०१० साली या जागेचाही बदलला. आज तिथे टोलेजंग घरे आहेत, बाग आहे, आणि जुन्या इमारतीच्या भिंतींच्या आत कचेऱ्या. साखरेचा फक्त पिवळा नामफलक उरला आहे.

आता आपल्याकडे वळू. न्यूयॉर्कला साखर कारखाना वस्तीपासून बाजूला काढता आला, कारण कच्ची साखर महिनाभर जहाजात पडून राहिली तरी चालते. ऊस तसा थांबत नाही. तोडल्यापासून चोवीस तासांत गव्हाणीत पडला तर बरा, नाहीतर वजनही घटते आणि उताराही. म्हणून आपला अवजड उद्योग शेतातच असावा लागतो. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली तेव्हापासून हाच शिरस्ता. चारी बाजूंनी ऊस, मधे मिल. मग कामगार वसाहत आली, शाळा आली, दवाखाना, पेट्रोल पंप, गेटसमोर चहाच्या टपऱ्या. नंतर आसवनी, सहवीज, इथेनॉल. असा मिश्र अवजड विभाग कोणी नकाशावर न आखताच तयार होतो.

त्यात धोका कुठे कुठे आहे ते एकदा मोजून पाहावे. आसवनीत एक लिटर अल्कोहोलमागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघते. ते बाहेर सोडता येत नाही, साठवून त्याची विल्हेवाट लावावी लागते, आणि वास लपत नाही. अल्कोहोलच्या टाक्या म्हणजे आगीचे घर. बगॅसचा ढीग उन्हाळ्यात पेट घेऊ शकतो. आणि साखर? ती तर निरुपद्रवी वाटते. पण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचाच स्फोट झाला आणि १४ कामगार गेले. त्यात भर म्हणजे हंगामात रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. गेटजवळ घर घेणारा माणूस हे प्लॉट बघायला जूनमध्ये येतो, तेव्हा सगळे शांत असते!

वस्ती आणि धोकादायक कारखाना एकमेकांना चिकटले की काय होते, हे भोपाळने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री दाखवले. कारखान्याच्या भिंतीपलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूलाच झोपड्या होत्या. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक उद्योगाची जागा तपासणारी समिती आली. पण ही समिती कारखाना कुठे येणार ते बघते. कारखाना आल्यावर वस्ती कुठवर येणार, हे बघणे तिचे काम नाही. म्हणजे युक्लिडची जुनी खोच आपल्याकडेही शिल्लक आहे.

कारखान्याभोवतीची जमीन कोणाची? आपलीच, सभासदांची. तेव्हा ती रेघ आखली तर आपणच आखू शकतो. मात्र येथे एक गोष्ट रोखठोक लिहितो. पट्टा मोकळा ठेवा असे सभासदाला सांगायचे आणि त्याच्या नुकसानीकडे बघायचे नाही, हा न्याय नव्हे. गेटलगतच्या जमिनी कारखान्याने बेणे मळा, रोपवाटिका, कंपोस्ट यार्ड यांसाठी रीतसर भाडेपट्ट्याने घ्याव्यात, आणि भाडे उसाच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा कमी नसावे. वार्षिक सभेत हा विषय कोणीतरी मांडावा.

ज्यांच्या जमिनी या टापूत आहेत त्यांनी एवढे करावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठरलेल्या मुदतीत हरकती-सूचना मागवल्या जातात. ती नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि आपण भाव बघून पान उलटतो. नगररचना कार्यालयात जाऊन आपला गट नंबर नकाशावर बोट ठेवून बघावा, रंग कोणता ते लिहून घ्यावे. शेती झोनमध्ये प्लॉट पाडून विकले म्हणजे घेणाऱ्याला बांधकाम परवानगी मिळेलच असे धरू नये. गावठाणापासूनचे अंतर आणि रस्ता, दोन्ही विचारले जातात. आणि रंग औद्योगिक असेल, तर शेजारी उद्या काय काय येऊ शकते त्याची यादीही मागावी. हरकत लेखीच द्यावी आणि पोच घ्यावी.

हे सगळे मी त्या सभासदाला सांगितले. ते म्हणाले, "नकाशा बघून येतो." गेलेही. जमीन सध्या उसाखाली आहे, आडसालीची नोंद गट ऑफिसात झाली आहे. मात्र त्यांच्या बांधाला लागून दोन प्लॉटवर घरांचे पाये खणून झाले आहेत, आणि त्यातला एक आपल्याच कामगाराचा आहे.