गुरचरणासाठीं होणारी वनतोड व आपलें दक्षिण कोंकण

उष्ण कटिबंधांतील वर्षावनें झपाट्यानें नाहींशीं होत आहेत व त्यास गुरें कारण आहेत, असें अलीकडे वारंवार वाचनांत येतें. शिरोडा-आजगांवकडील शेतकऱ्यास हें वाचून नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. ज्याच्या दावणीला दोन बैल व एक दुभती गाय, त्यानें कोणतें अरण्य बुडविलें? म्हणून प्रथम या प्रश्नाची मूळ हकीकत पाहूं व मग आपल्या घराकडे वळूं.

या वनतोडीचें मुख्य क्षेत्र ब्राझील देशांत, अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यांत आहे. १९७० च्या सुमारास तेथील सरकारनें अरण्यांतून लांबलचक सडका काढल्या आणि गुरांचे मोठाले कळप पाळणाऱ्यांस करांत सवलती दिल्या. झाडें पाडावयाचीं, उन्हांत वाळूं द्यावयाचीं, मग आग लावून राखेंत आफ्रिकेंतील गवताचें बीं फेंकावयाचें, अशी रीत पडली. आपल्याकडील जुन्या कुमरीशीं तिचें साम्य दिसेल. परंतु कुमरीवाला दोन-तीन वर्षांनीं जागा सोडून जाई व रान पुन्हां उठे. तेथें गुरें तें उठूं देत नाहींत. १९९५ या एका वर्षांत २९,०५९ चौरस किलोमीटर रान गेलें. आपला सबंध सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरांचा. यावरून काय तें समजावें. पुढें उपग्रहांच्या साह्यानें पाहणी होऊं लागली, कायद्याचा अंमल कडक झाला, आणि २०१२ सालीं हा आंकडा ४,५७१ पर्यंत उतरला. पण ढिलाई होतांच २०२१ सालीं तो १३,०३८ वर चढला. तोडलेल्या जमिनीपैकीं बहुतेक जमीन आज गवताखालींच आहे.

एवढ्या जमिनीवर अपार उत्पन्न निघत असेल असें कोणास वाटेल. तसें मुळींच नाहीं. तेथें सरासरीनें हेक्टरीं एखादें जनावर पोसतें, म्हणजे एका गुरामागें अडीच एकर! कारण असें कीं, वर्षावनाची जमीन सुपीक असते हा समजच चुकीचा आहे. त्या अरण्याचें सत्त्व मातींत नसून बरेंचसें झाडांच्या अंगांत असतें. पान गळतें, कुजतें, आणि तें सत्त्व मुळ्या लगेच परत ओढून घेतात. झाड जाळलें कीं राखेच्या जोरावर दोन-चार वर्षें गवत माजतें. मग पावसानें राख धुपते, स्फुरद कमी पडतो, खुरांनीं माती घट्ट होते व झुडपें माजतात. मालक पुढचें रान तोडतो. शिवाय पुष्कळांचा हेतु दूध किंवा मांस हा नसतोच. बिनमालकी जमिनीवर चार गुरें सोडलीं कीं ती आपल्या कबजांत आहे असें दाखवितां येतें. गाय तेथें सातबाऱ्याचें काम करते म्हणाना!

या कामीं लागलेली बहुतेक गुरें मूळचीं आपल्याच देशचीं आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नेल्लोर-ओंगोलकडील पांढरीं गुरें व काठेवाडच्या गीर गाई ब्राझीलांत गेल्या. ब्राझीलकडून आपल्याकडे काय आलें? सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं आणलेला काजू, आणि पुढें इंग्रजांच्या हातून रबर. दोन्ही त्याच मुलखांतील झाडें.

आतां आपल्या रानाकडे पहा. येथें गुरांचे मोठे कळप नाहींत. उलट नांगरटीचें यंत्र आल्यापासून गोठे रिकामे होत चालले आहेत. आपलें रान बरेंचसें खाजगी मालकीचें असल्यामुळें तोडीचा निर्णय आपल्याच हातीं असतो, आणि तोड होते ती काजूसाठीं व दोडामार्गाकडे रबरासाठीं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यांतील वृक्षतोडीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला व २०१३ सालीं न्यायालयानें तेथें तोडीस मनाई केली. युरोपीय संघानें २०२३ सालीं केलेल्या कायद्यांत, रान तोडून काढलेल्या ज्या जिनसांस बाजार बंद करण्याचें ठरविलें, त्यांत गुरांबरोबर रबरही आहे. त्याचा अंमल लांबणीवर पडला, तरी रोख कोणीकडे आहे हें बागायतदारानें ओळखावें.

काजूस मी नांवें ठेवीत नाहीं. माझें घर त्याच्यावरच चालतें. पण एक चूक सांगतों. बारा वर्षांपूर्वीं मीं सड्याखालच्या उतारावरील ऐन, किंजळ व जांभळी ठेकेदारास विकल्या व सरसकट काजू लाविला. खालचा पाचोळा व झुडपें दरसाल साफ करूं लागलों. पूर्वीं त्या उताराच्या पायथ्याचा झरा वैशाखापर्यंत वाहे व त्यावर पोफळी जगत. आतां तो शिमग्यालाच आटतो. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो, तेव्हां चार एकर रान तोडल्यानें तो थांबत नाहीं, हें खरें. अ‍ॅमेझॉनांत मात्र झाडांनीं उच्छ्‌वासिलेल्या वाफेचाच पुन्हां पाऊस पडतो, म्हणून तेथील तोट्याचा प्रकार निराळा. पण पडलेलें पाणी जांभ्यांत मुरविणें हें काम येथेंही रानाचेंच आहे.

गुरांकडेही दोष अगदींच नाहीं असें नव्हे. भातकापणीनंतर गुरें मोकाट सुटतात, सड्यावर वणवे लागतात, आणि आपोआप उगवलेलें रोप तिसरें पान फुटण्यापूर्वींच जातें. भाजावळीसाठीं दरसाल टाळ तोडून ऐनाचे नुसते खुंट उरतात. यावर उपाय खर्चाचे नाहींत. तरवा भाजलेल्या जागेऐवजीं गादीवाफ्यावर, शेणखत घालून करावा. बांधावर मृगाच्या पावसांत गिरिपुष्पाचीं खुंटें लावावीं. चिखलणीला पाला तेथूनच मिळतो व ऐन वांचतो. दसऱ्यानंतर गवत कापून रचावें, गोठ्याच्या सांडपाण्यावर संकरित नेपियरचा तुकडा करावा व गुरें बांधून पोसावीं. यास ठेंगणी, काटक कोंकण कपिला फार सोयीची. २०१८ सालीं तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीही मिळाली आहे. बांधलेल्या गुराचें शेण सड्यावर न सांडतां खड्ड्यांत पडतें, हा लाभ निराळा.

झऱ्याच्या वरच्या अंगाचे दहा काजू मीं गेल्या पावसाळ्यापूर्वीं काढले व तेथें जांभूळ, रतांबा व ऐन लाविले. वहाळाच्या दोन्ही कांठांस वीस-वीस हात कोयता लावीत नाहीं. रोपांस निवडुंगाचें कुंपण केलें आहे, कारण पहिलीं तीन वर्षें शेजाऱ्याच्या गुरांपासून व स्वतःच्या गुरांपासूनही तीं राखावीं लागतात.