आडव्या प्रवाशाची मोटार

बसलेल्या माणसाला प्रवासात धक्का बसला, तर तो स्वतःला सावरून घेतो. पुढच्या आसनाला धरतो, पाय घट्ट रोवतो. जो आडवा पडलेला आहे त्याला यांतले काहीच करता येत नाही. हाड मोडलेल्या रुग्णाला रस्त्यातील प्रत्येक खड्डा मुकाट्याने सोसावा लागतो. म्हणून रुग्णवाहिकेच्या कमानींना फार महत्त्व आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य दोमिनिक-जाँ लारे याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जखमी सैनिकांसाठी हलक्या घोडागाड्या करविल्या, तेव्हा त्यांच्या पेट्याही कमानींवर बसविल्या होत्या.

विसाव्या शतकात अमेरिकेत या कामासाठी मोठ्या मोटारी वापरात आल्या. कॅडिलॅक कंपनी लांब व बळकट सांगाडा तयार करी. त्यावर मिलर-मीटिअरसारखे कारखाने रुग्णवाहिकेचा किंवा शववाहिकेचा साज चढवीत. १९५९ सालच्या अशा सांगाड्यात पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर १५६ इंच, म्हणजे जवळजवळ चार मीटर होते. अनेक गावांत अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे व्यावसायिकच रुग्णांनाही नेत असत. कारण माणसाला आडवे ठेवता येईल एवढी लांब मोटार त्यांच्यापाशीच असे. काही मोटारी तर दोन्ही कामांसाठीच बांधलेल्या असत. शवपेटी सरकविण्याचे रूळ उलटे केले की तळ सपाट होई आणि तीच मोटार रुग्णाला आणावयास निघे! ऐकून अंगावर शहारा येतो खरा. परंतु लहान गावाला दोन गाड्या परवडत नसत.

१९७० नंतरच्या दशकात नवे नियम आले आणि व्हॅनच्या व ट्रकच्या सांगाड्यांवर बांधलेल्या उंच रुग्णवाहिकांनी या मोटारींची जागा घेतली. जुन्यांपैकी काही मोटारी आज हौशी मंडळी दुरुस्त करून जपतात. अशा मोटारीला चकचकीत रंग देणे त्या मानाने सोपे असते. तिला तिच्या मूळ उंचीवर उभी करणे आणि तिची मूळची मऊ चाल परत आणणे, हे मात्र कसोटीचे काम होय.

अनेक जुन्या मोटारींत मागच्या चाकांच्या आसावर पोलादी पट्ट्यांची कमान असते. मालट्रकच्या चाकापाशी ती तुम्ही पाहिली असेल. आपल्याकडील कारागीर तिला 'पाटा' म्हणतात. वर्षानुवर्षे ओझे वाहून या पट्ट्यांचा बाक कमी होतो आणि मोटारीचे मागचे अंग खाली बसते. मागे बसलेली लांब मोटार चढावर वळताना शेपटाने जमीन खरवडते. तिचे दिवे रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर प्रकाश टाकतात. मग उतावळा मालक काय करतो? ट्रकच्या जाड कमानी आणून बसवितो, किंवा जुन्या पाट्यात एखादी पट्टी वाढवितो. मोटार ऐटीत उभी राहते, छायाचित्रही सुरेख निघते. पण चालू लागली की ती बैलगाडीसारखी आदळते.

असे का व्हावे? कमानीवर जितके ओझे टाकावे तितक्या प्रमाणात ती दबते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. आता असे पाहा : मोटारीच्या भाराने कमान २५ सेंटिमीटर दबत असेल, तर धक्का बसल्यावर मोटार सेकंदाला सुमारे एकदा वरखाली होते. हा संथ हेलकावा शरीराला सोसतो. तीच कमान ताठ करून केवळ सव्वासहा सेंटिमीटर दबेल अशी केली, तर सेकंदाला दोन हेलकावे बसू लागतात, आणि त्यांतील प्रत्येक हेलकावा तीव्र असतो. उलटपक्षी, कमान फार मऊ ठेवली तर रुग्ण, परिचारक आणि सामान यांच्या भाराने मोटार अधिकच खाली बसते. मूळच्या कारागिरांनी या दोहोंमधला मार्ग काढला होता, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तोच शोधावयाचा असतो.

यासाठी जाणकार मनुष्य घाई करीत नाही. आसने, काचा, लाकडी तळ, रूळ हे सारे जागच्या जागी बसेपर्यंत तो उंचीचा निर्णयच घेत नाही. कारण रिकामी मोटार कमानींवर उंच राहते व खोटे माप देते. मग सपाट जमिनीवर, चाकांत योग्य हवा भरून, मोटार थोडी पुढेमागे ढकलून तो चारही चाकांपाशी माप घेतो. पाट्यांच्या पट्ट्या सुट्या करून त्यांचा गंज काढतो. गंजलेल्या पट्ट्या एकमेकींवरून सरकत नाहीत आणि चांगली कमानही ताठ होऊन बसते. बाक गेलेला असेल तर तो कुशल लोहाराकडून पुन्हा घालून घेतो. गुंडाळीच्या कमानीचा एखादा वेढा कापून मोटार खाली आणण्याचा मोह काहींना होतो; पण वेढा कापला की उरलेली कमान पूर्वीपेक्षा ताठ होते.

एवढे करून उंची बरोबर जमली, म्हणजे चालही बरोबर जमली असे मात्र नाही. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीच्या डीएस जातीच्या मोटारी १९५५ साली निघाल्या आणि पुढे त्या मालिकेतील रुग्णवाहिकाही झाल्या. त्यांत पोलादी कमानींऐवजी धातूचे गोल असतात. गोलात एका बाजूस नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूस दाबाखालचे तेल आणि मध्ये रबरी पडदा असतो. ओझे वाढले की यंत्रणा आपोआप आणखी तेल आत सोडून मोटारीची उंची कायम राखते. चालकापाशी असलेल्या दांड्याने मोटार वर-खाली करता येते. मात्र वर्षे लोटली की वायू पडद्यातून हळूहळू निसटतो. उंची तेलावर अवलंबून असल्यामुळे मोटार अगदी नेमक्या उंचीवर उभी दिसते. पण दबावयास वायूच उरलेला नसतो, आणि ती दगडासारखी चालते. येथे मोजपट्टीचा काही उपयोग नाही. इंजिन चालू ठेवून मोटारीचे मागचे अंग दोन्ही हातांनी दाबावे लागते. ते मुळीच हलले नाही, तर गोल काढून त्यांत पुन्हा वायू भरावा, किंवा नवे गोल बसवावेत. नंतर दाबून पाहिले, की तीच अवजड मोटार हाताखाली अलगद दबते आणि सावकाश वर येते.