सुईच्या पलीकडचं जेल

चि. ओंकार यास,


फोटो मिळाला. उलटी धरलेली कुपी, आत घट्ट बसलेलं पांढरं जेल आणि खाली तुझं वाक्य, ‘३७ अंशांना सेट झालं, आता गुडघ्यासाठी तयार!’ वाचून फार आनंद झाला. पण इंजेक्शनची औषधं बनवण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या पांढरेपणाबद्दल. चायना ग्रास उष्णतेने विरघळतो आणि गार झाल्यावर थिजतो. तुझा पॉली-एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलामाइडचा पॉलिमर बरोबर उलटा वागतो. थंड असताना पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्यांना लगटून असतात. ३२ अंशांच्या आसपास ते पाणी सुटतं आणि साखळ्यांचे पाण्याशी न जमणारे भाग एकमेकांना चिकटतात, म्हणून ते पांढरं दिसतं. नुसत्या पॉली-एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलामाइडमध्ये हे इतक्या जोरात होतं की जेल आकसून पाणी बाहेर टाकतं. कुपी दिवसभर ३७ अंशांना ठेव आणि पाणी सुटलंय का बघ. सुटलं असेल, तर त्याच्याबरोबर औषधही पहिल्याच दिवशी बाहेर येईल आणि ते सांध्यात महिनाभर झिरपत राहण्याचा तुझा हिशेब कोलमडेल.

शिवाय गुडघ्याच्या सांध्यात ३७ अंश नसतातच, तापमान त्याहून काही अंश कमी असतं. उलट मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ च्या आसपास असताना, एसी नसलेल्या खोलीत भरलेली सिरिंज टेबलावर राहिली, तर जेल तिच्यातच थिजेल. म्हणजे सांध्यात घट्ट व्हायचं आणि सिस्टरांच्या हातात पातळ राहायचं, हे दोन्ही त्याला साधायला हवं. रिओमीटरच्या आलेखावरून एवढं कळत नाही. मांसाचा तुकडा ३७ अंशांना ठेव, त्यात सुई खुपस, जरा थांब आणि मग दट्ट्या दाब. सुई ऊतींमध्ये तापली की टोकाशीच जेल धरतं आणि डॉक्टरांचा अंगठा दुखून येतो. हा प्रयोग पेपरमध्ये फारसा दिसत नाही. तू मात्र तो पहिल्या महिन्यातच कर.

आता माझी खरी काळजी. आत गेलेलं हे जेल बाहेर कसं पडणार? तुझ्या पॉलिमरचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा आहे आणि शरीराला तो तोडता येत नाही. साखळ्या पुरेशा आखूड असल्या तर मूत्रपिंडं गाळून टाकतील, नाहीतर त्या तिथेच राहणार. तोक्योच्या तेरुओ ओकानो यांनी हाच पॉलिमर किती शहाणपणाने वापरला ते वाच. त्यांनी तो पेशी वाढवायच्या बशीवर पक्का बसवला. बशी गार केली की पेशींचा अख्खा पापुद्रा अलगद सुटतो. पॉलिमर बशीवरच राहतो, रुग्णाकडे फक्त पेशी जातात.

शरीरात घालायचंच असेल, तर युटामधल्या सुंग वान किम यांच्या गटाने १९९७ मध्ये तापमानानुसार जेल होणारे आणि शरीरात विघटन होणारे पॉलिमर पुढे आणले, तो मार्ग आहे. त्याच वाटेवरचा पीएलजीए-पीईजी-पीएलजीए तुटून लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लं तयार होतात, ती शरीराच्या ओळखीची आहेत. पण आत प्रथिनाचं औषध असेल, तर तीच आम्लं त्याची वाट लावतात.

पोलोक्सॅमर ४०७ ला लोक नावं ठेवतात, कारण शरीरातल्या द्रवाने तो पातळ होऊन लवकर वाहून जातो. पण त्याच्याच जेलवर आधारलेलं, २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं जेलमायटो बघ. मूत्रपिंडाच्या पोकळीतल्या आणि मूत्रवाहिनीतल्या, कमी तीव्रतेच्या कर्करोगासाठी मायटोमायसिन हे औषध त्या जेलमध्ये घालून थंड द्रव नळीने आत सोडतात. तो तिथे जेल होतो आणि मूत्राबरोबर हळूहळू निघून जातो. नुसतं औषध मूत्राबरोबर लगेच वाहून गेलं असतं, जेलमुळे ते काही तास टिकतं आणि त्या जागी तेवढंच हवं असतं. तरी मूत्रवाहिनी अरुंद होण्याचा धोका तिथेही आहे आणि औषधाच्या माहितीपत्रकात तो स्पष्ट लिहिला आहे.

म्हणून माझं मत असं, की कण्यात तुटणारे दुवे घातल्याशिवाय सांध्यासाठी या पॉलिमरवर पुढची चार वर्षं घालवू नकोस. गाईडशी आत्ताच बोल, बदल करायला हीच वेळ सोयीची. तुझ्या पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएलमध्ये), रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जेलांवर बरंच मूलभूत काम केलं आहे, ते पेपर काढून वाच. आणि एखाद्या हाडांच्या डॉक्टरांच्या ओपीडीत अर्धा दिवस उभा राहा. सांध्यात इंजेक्शन देताना त्यांना किती वेळ मिळतो, सुई किती जाडीची असते, हे डोळ्यांनी बघ.

उरलेला मोनोमर पेशींना घातक असतो. तो मोजल्याशिवाय पेशींच्या प्रयोगाला हात लावू नकोस. पॉलिमर शुद्ध करताना डायलिसिसचं पाणी थंडच ठेव, नाहीतर तो पिशवीतच साका होऊन बसेल.

तुझी,
आत्या